खर्जाची तार

अहिल्यानगरहून पुण्याच्या वाटेला लागले की शहराची हद्द संपायच्या आत केडगाव येते. महापालिकेत सामील झाले तरी या गावाची ओळख आजही रेणुकामातेचे ठाणे म्हणूनच आहे, आणि नवरात्रात नगर परिसरातून माणसे तिथे दर्शनाला लोटतात. रेणुका आली की गोंधळ आला. गोंधळ्यांत रेणुराई आणि कदमराई असे दोन भेद मानतात. पहिले माहूरच्या रेणुकेचे, दुसरे तुळजापूरच्या भवानीचे. दिवटी, संबळ, झांज आणि तुणतुणे एवढ्या सामग्रीवर रात्रभर आख्यान उभे करणाऱ्या या मंडळींकडे तारेचे वाद्य एकच, आणि त्याला तारही एकच. आज याच पट्ट्यातल्या एखाद्या ऑर्केस्ट्रात किंवा कॉलेजच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवणाऱ्या मुलाला तारांचा नवा सेट घ्यायचा असतो, तेव्हा तो परदेशी कंपन्यांच्या पाकिटांवरचे आकडे वाचत बसतो आणि हा प्रश्न आपल्याकडे परवा-परवा आला असे समजतो. तसे नाही. खालच्या सुरासाठी तार कशी निवडायची याचा विचार या मुलखात फार आधीपासून झालेला आहे, आणि त्यातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. तार स्वतः हवा फारशी हलवू शकत नाही. तिचे कंपन कोणीतरी उचलून घ्यावे लागते. कुठे ते कातडे उचलते, कुठे घोडी आणि भोपळा, कुठे चुंबक. उचलणाऱ्याची जी कुवत असेल तिच्याप्रमाणे तारेचा धातू, जाडी आणि ओढ ठरते. वाजवणाऱ्याची आवड, परंपरा, बाजारभाव हे सगळे त्यानंतर येते.

सुरुवात तुणतुण्यापासूनच करू. एक पोकळ लाकडी नळकांडे, वरून उघडे, खालच्या तोंडावर कातडे ताणून बसवलेले. नळकांड्याच्या अंगाला बाहेरून एक काठी ठोकलेली, तिच्या वरच्या टोकाला खुंटी. कातड्याच्या मधोमध भोक पाडून त्यातून बारीक तार ओवतात, खालून गाठीने किंवा चकतीने अडवतात आणि वरचे टोक खुंटीला गुंडाळून गाणाऱ्याच्या सुरात मिळवतात. म्हणजे तारेची सगळी ओढ त्या कातड्याच्या मधल्या इवल्याशा जागेवर येते. तिथे जाड तार लावून ती कडक ताणली तर कातडे फाटेल. सैल ठेवली तर सूर लागणार नाही, नुसती भणभण होईल. कातड्याला पेलेल अशी बारीक आणि हलकी तारच तिथे टिकते, आणि बारीक तारेचा सूर साहजिकच चढा लागतो. तुणतुण्याचा तो टणत्कार शाहिराच्या किंवा गोंधळ्याच्या आवडीतून आला असे म्हणण्यापेक्षा कातड्याने तेवढीच परवानगी दिली असे म्हणणे खरे आहे. याचा पुरावा त्याच देवीच्या दुसऱ्या वाद्यात सापडतो. माहूरची रेणुका आणि सौंदत्तीची यल्लमा एकाच देवीची रूपे मानतात. यल्लमाचे जोगती जे चौंडके वाजवतात त्याची बांधणी तुणतुण्याची सख्खी बहीण शोभावी अशी आहे: तेच नळकांडे, तेच कातडे, कातड्याच्या मध्यातून निघालेला तोच एक तंतू. फरक इतकाच की इथे धातूच्या तारेऐवजी आतड्याची तात असते आणि काठी-खुंटी नसते. नळकांडे काखेत दाबायचे, तातेचे मोकळे टोक ज्या मुठीला बांधलेले असते ती एका हाताने ओढायची आणि दुसऱ्या हाताने तात छेडायची. ओढ चौपट केली की सूर एक सप्तक वर जातो, सोडली की खाली कोसळतो. पोलादी तार तुटण्याआधी फार थोडी ताणते, म्हणून हाताने असा खेळ तिच्यावर करता येत नाही. तात त्याच्या कितीतरी पट ताणते आणि परत जागेवर येते. शिवाय ती जाड असूनही मऊ, म्हणून कमी ओढीतही खाली बोलते. चौंडक्याचा तो घुमून वर चढणारा, परत खाली बसणारा आवाज ज्याने ऐकला आहे त्याला बेस गिटारवरची मींड परकी वाटू नये. देवी एक, कातडे एक, नळकांडे एक; कातड्यावर स्थिर ओढ ठेवायची की हाताने बदलती, एवढ्यावर धातू की तात हे ठरले.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. आपल्या संगीतात बेस नावाची गोष्टच नव्हती, स्वरमेळ नाही म्हणजे त्याचा पायाही नाही, तेव्हा तुणतुण्या-चौंडक्याशी बेस गिटारचे नाते जुळवणे ही ओढाताण आहे, असे कोणी म्हणेल. यातला पहिला भाग खरा आहे. एकामागून एक बदलणाऱ्या स्वरसंघातांना खालून आधार देणारी स्वतंत्र चाल आपल्याकडे नव्हती. पण खालच्या सुराची गरज आणि त्याची जाण नव्हती असे म्हणता येत नाही. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने, सिंघण राजाच्या काळात, म्हणजे तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात नाद शरीरात तीन ठिकाणी वसतो असे सांगून मंद्राचे स्थान हृदयात, मध्याचे कंठात आणि तार सप्तकाचे मस्तकात दिले आहे. केडगावपासून देवगिरी फार दूर नाही. हा विचार इथल्याच मातीत, इथल्याच दरबारात मांडला गेला. आणि लोकसंगीतात पाहायचे तर संबळाची दोन भांडी बघावीत: एक चढे बोलते, दुसरे खर्जात घुमते. गोंधळाच्या मेळात खालची जागा रिकामी नव्हती, ती तालवाद्याकडे होती. तारेच्या वाद्याकडे ती जागा का गेली नाही, याचे उत्तर वर आलेच आहे: तार उचलणारे कातडे तेवढ्या वजनाची तार झेलू शकत नव्हते. ज्या वाद्यात कातड्याच्या जागी लाकूड आणि भोपळा आला, तिथे खर्ज लगेच तारेकडे आला. ते वाद्य म्हणजे तंबोरा.

तंबोऱ्याचा महाराष्ट्रातला कारखाना मिरज. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथल्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब हत्यारांचे काम सोडून वाद्यांकडे वळले आणि त्यांच्या वंशजांनी सतारमेकर हे आडनावच घेतले. लाकूड तुणीचे, भोपळे भीमाकाठच्या पंढरपूर-मंगळवेढा भागातले, आणि कसब घराण्यातले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. या तंबोऱ्याच्या चार तारांत मधल्या दोन, म्हणजे जोडाच्या, पोलादी असतात आणि शेवटची खर्जाची तार पितळी. गवयाचा षड्ज काळी एक असेल तर जोड सेकंदाला सुमारे १३९ कंपनांवर बोलतो आणि खर्ज त्याच्या निम्म्यावर, ६९ कंपनांवर. बेस गिटारच्या चार मोकळ्या तारा अनुक्रमे ४१, ५५, ७३ आणि ९८ कंपनांच्या आसपास मिळवतात. म्हणजे काळी एकच्या तंबोऱ्याचा खर्ज बेस गिटारच्या तिसऱ्या तारेपेक्षा फक्त अर्ध्या सुराने खाली आहे. दोन्ही वाद्ये एकाच पाण्यात उतरलेली आहेत. असे असताना एकाने पितळ घेतले आणि दुसऱ्याने पोलाद, हे का?

पितळ जड असते म्हणून खर्जाला लावतात, असे उत्तर सर्रास दिले जाते. ते तपासून पाहावे. पितळाची घनता पाण्याच्या साडेआठपट, पोलादाची पावणेआठपटीहून थोडी जास्त. फरक आठेक टक्क्यांचा. तारेची कंपने तिच्या वजनाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटतात, हा नियम फ्रान्सच्या मारँ मेर्सेनने १६३६ मध्ये मांडला. त्या हिशेबाने तेवढ्याच जाडीची आणि तेवढ्याच ओढीची पितळी तार पोलादीपेक्षा फक्त चार टक्के खाली बोलेल. चार टक्के म्हणजे अर्धा सूरसुद्धा नाही. जोडापासून खर्ज पूर्ण एक सप्तक खाली हवा. वजनाचाच प्रश्न असता तर जरा जाड पोलादी तार लावून भागले असते. दुसरे एक उत्तर असे दिले जाईल की पितळ हाताशी होते म्हणून लावले. नगरसारख्या शहरात तांबट-कासारांचा तांब्यापितळेच्या भांड्यांचा धंदा १८८४ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरात नोंदवलेला आहे, तेव्हा पितळ दुर्मीळ नव्हते हे खरे. पण मग त्याच तंबोऱ्यावर, त्याच खुंट्यांच्या रांगेत, शेजारची तार पोलादी कशी? दोन्ही धातू हाताशी असताना प्रत्येक सुराला वेगळा धातू निवडला गेला, म्हणजे निवड उपलब्धतेने झालेली नाही. खरे कारण ताठरपणात आहे. पोलाद पितळाच्या जवळजवळ दुप्पट ताठर असते. जाड आणि ताठर तार सैल ओढीवर लावली की ती तारेसारखी कमी आणि सळईसारखी जास्त वागते. तिचे वरचे स्वरांश, म्हणजे मूळ सुरासोबत उमटणारे चढे सूर, मूळ सुराच्या नेमक्या पटीत बसत नाहीत, थोडे चढे सरकतात. तंबोऱ्यात हे चालत नाही, कारण तंबोऱ्याची घोडी तेच स्वरांश वेचून पुढे आणते.

त्या घोडीजवळ थोडे थांबायला हवे, कारण सगळी मेख तिथे आहे. घोडीचा माथा सपाट दिसला तरी किंचित उतरता घासलेला असतो. तार त्या उतारावर अलगद टेकते आणि कंपन पावताना क्षणाक्षणाला त्याला स्पर्शून सुटते. तारेखाली सुताचा एक धागा सरकवतात; तो केसभर पुढे-मागे केला की आवाज मिटतो किंवा एकदम उघडतो. यालाच जवारी काढणे म्हणतात, आणि मिरजेचा कारागीर ती तासाभराच्या घासकामात साधतो किंवा बिघडवतो. जवारी लागली की तारेतून एकच सूर न येता स्वरांशांची सगळी शिडी एकामागून एक उमटत जाते. खर्जाच्या तारेतून गांधार ऐकू येतो तो असाच. आता ही शिडी स्वच्छ हवी असेल तर तिच्या पायऱ्या नेमक्या पटीत बसल्या पाहिजेत, आणि त्यासाठी खर्जाची तार लवचीक हवी. पितळ तिथे म्हणून आले. तारेची लांबी तीन फुटांच्या पुढे नेली गेली तीही याचसाठी: लांब तार कमी जाडीत खाली बोलते आणि कमी ताठर राहते. बेस गिटारची तार दोन फूट दहा इंचांची, म्हणजे तंबोऱ्याहून आखूड. इतक्या आखूड अंतरावर त्याहून खालचा सूर काढायचा तर साध्या तारेने भागत नाही. तिथे युरोपातल्या एका जुन्या युक्तीची गरज पडली.

ती युक्ती म्हणजे गुंडाळीची तार. सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातल्या मोठ्या तंतुवाद्यांवर खालच्या सुराला जाडजूड तात लावत, आणि ती बोथट बोले. १६६४ मध्ये लंडनच्या जॉन प्लेफर्डने आपल्या पुस्तकात एका नव्या शोधाची जाहिरात दिली: तातेवर किंवा रेशमावर बारीक धातूची तार वेटोळ्यांनी गुंडाळायची. गाभा बारीक राहिल्याने लवचीकपणा टिकतो, आणि वजन वरच्या वेटोळ्यांमधून मिळते. पितळ निवडून आपल्याकडच्या कारागिरांनी ताठरपणाचा प्रश्न थोड्या अंशाने सोडवला होता. गुंडाळीने तो मुळापासून सोडवला. पुढे १८५४ मध्ये बर्मिंगहॅमच्या जेम्स हॉर्सफॉलने पोलादी तारेला उष्णता देऊन चिवट करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले, आणि वाद्यांची पोलादी तार जगभर त्या जातीची होत गेली. गुंडाळलेल्या पोलादी तारेची बीजे ही अशी दोन ठिकाणी, दोन शतकांच्या अंतराने पेरली गेली.

आता विजेची बेस गिटार. सिएटलच्या पॉल टुटमार्कने १९३६ च्या सुमारास असे वाद्य केले होते, पण घराघरात पोचले ते लिओ फेंडरचे १९५१ चे प्रिसिजन बेस. त्यात लाकूड ठोस आहे. भोपळा नाही, कातडे नाही, हवा हलवायला काहीच नाही. तारांच्या खाली चुंबक आणि त्यांच्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. लोहजातीची तार चुंबकाजवळ हलली की वेढ्यांतले चुंबकीय क्षेत्र बदलते आणि विजेचा क्षीण प्रवाह निर्माण होतो. तोच पुढे वाढवून भोंग्यातून ऐकवतात. म्हणजे इथे तार ऐकणारा कान फक्त लोखंड, निकेल आणि त्यांच्या भाईबंदांना ओळखतो. मिरजेच्या तंबोऱ्याची अव्वल पितळी खर्ज तार या वाद्यावर चढवली तर ती बोटाखाली थरथरेल, पण चुंबकाच्या लेखी ती नाहीच. साध्या गिटारच्या ब्राँझ गुंडाळलेल्या तारांचेही तेच: चुंबकाला फक्त आतला पोलादी गाभा दिसतो, गुंडाळी दिसत नाही, त्यामुळे जाड तारा क्षीण आणि बारीक तारा मोठ्या बोलतात. म्हणून बेसच्या तारा पोलादी गाभ्यावर निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाच्या, शुद्ध निकेलच्या किंवा चुंबकाला लागणाऱ्या जातीच्या स्टेनलेस स्टीलच्या गुंडाळीने करतात. जाडीचे नेहमीचे माप इंचाच्या हजाराव्या भागात सांगतात: ४५ पासून १०५ पर्यंत. चार तारा मिळून दांड्यावर ऐंशी किलोंच्या आसपास ओढ येते. तुणतुण्याचे कातडे यातली एकही तार क्षणभर झेलणार नाही. ठोस लाकूड आणि दांड्यातली पोलादी सळई ती वर्षानुवर्षे झेलते. उचलणारा बदलला, त्याची ताकद बदलली, की तारेचे सगळे गणित बदलते याचा याहून ढळढळीत दाखला नाही.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल की हे सगळे ठीक, पण आपल्याकडच्या वादकाने तारा निवडल्या कधी? मिळतील त्या लावल्या. या आक्षेपात पुष्कळ तथ्य आहे. मुंबईच्या सिनेसंगीतात खालचे सूर आधी गोव्याच्या वादकांच्या उभ्या डबल बेसवर वाजत. पॅरिशच्या शाळांत स्वरलेखन शिकून आलेल्या या कलावंतांनी वाद्यवृंदाचा कणा धरून ठेवला होता. पुढे बेस गिटार आली आणि राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांच्यासारख्या वादकांनी तिला गाण्याच्या मध्यभागी आणून बसवले. त्या काळात परदेशी माल आयात परवान्यांच्या आणि जकातीच्या चाळणीतून यायचा. मुंबईत १८६५ पासून चालू असलेल्या फुर्टाडोजसारख्या दुकानात जाऊन मिळेल तो सेट घ्यायचा आणि पुरवून पुरवून वापरायचा, यापलीकडे नगरच्या वादकाला वाव नव्हता. तारा मेल्या की काढून पाण्यात उकळायच्या, वेटोळ्यांत साचलेला घामाचा आणि मळाचा थर निघाला की काही दिवस त्या पुन्हा खणखणतात. ही युक्ती जगभरच्या बेसवाल्यांना ठाऊक आहे. टंचाई फक्त आपल्याकडे होती असेही नाही. १९६५ मध्ये ‘द हू’ या इंग्रज बँडच्या जॉन एन्ट्‌विसलला डॅनइलेक्ट्रो गिटारची तुटलेली तार लंडनच्या दुकानांत मिळेना, म्हणून नवी गिटारच घ्यावी लागली, आणि असे एकाहून अधिक वेळा झाले, हे त्यानेच सांगितले आहे. पण टंचाईने काय ठरवले हे नीट पाहावे. कोणत्या कंपनीची तार, किती दिवस वापरायची, कधी बदलायची, हे टंचाईने ठरवले. तार कोणत्या जातीची हे तिने ठरवले नाही. पितळी तार मिरजेत हवी तितकी मिळत होती, पोलादी बेसची तार महिनोन्‌महिने मिळत नव्हती, तरीही पितळी तार तिच्या जागी बसू शकली नाही. बाजारात काय मिळते याला मर्यादा चुंबकाने घातली होती.

आवडीचा आक्षेप याहून कठीण आहे, आणि त्यात मला काही अंशी माघार घ्यावी लागते. बेसच्या तारांची दोन मुख्य घराणी आहेत. एकात गोल तार गुंडाळतात, तिचे वेटोळे बोटाला खरखरीत लागतात आणि आवाज पियानोसारखा लखलखीत येतो, ही राउंडवूंड. दुसऱ्यात चपटी फीत गुंडाळून पृष्ठभाग गुळगुळीत करतात, आवाज गोल आणि गडद येतो, ही फ्लॅटवूंड. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचा जेम्स जेमर्सन फ्लॅटवूंड तारा लावायचा, जाड मापाच्या, आणि तुटल्याशिवाय बदलायचा नाही. त्या मेलेल्या तारांतून निघालेला ठोस, आखूड सूर पुढच्या पिढ्यांनी आदर्श मानला. उलट एन्ट्‌विसलने १९६६ मध्ये रोटोसाउंडच्या जेम्स हाऊ यांच्याबरोबर बसून राउंडवूंडचा असा सेट करवून घेतला की चारही तारा सारख्या खणखणीत बोलतील. दोघांच्या वाद्यात चुंबकच होते. मग एकाला गडद आणि दुसऱ्याला लखलखीत का हवे? इथे स्वभाव आणि संगीताचा प्रकार बोलतो, हे मान्य. चुंबक कुंपण घालते. कुंपणाच्या आत कुठे उभे राहायचे हे माणूस ठरवतो. तरीही त्या आतल्या निवडीतसुद्धा वाद्याचा आणि यंत्राचा हात आहे. जॅको पास्टोरियसने पडदे काढलेल्या दांड्यावर राउंडवूंड लावली, तेव्हा तिचे खरखरीत वेटोळे लाकूड खाऊ नयेत म्हणून त्याला दांड्यावर इपॉक्सीचा थर द्यावा लागला. तारेची आवड निभवायची तर ती ज्यावर घासते ते आधी बदलावे लागले.

आणि चुंबकाच्या पुढेही एक उचलणारा असतो, ज्याचा विचार स्टुडिओत बसून तारांची चर्चा करणारे क्वचित करतात: भोंगा. आपल्याकडे जत्रांत, उरुसांत, नवरात्राच्या मांडवांत कित्येक दशके पत्र्याच्या कर्ण्यांतून आवाज गेला. असा कर्णा साधारण अडीचशे-तीनशे कंपनांच्या खाली जवळजवळ मुका असतो. बेसची सगळ्यांत खालची तार ४१ वर बोलते. फ्लॅटवूंड तारेचा बहुतेक जोर मूळ सुरात आणि त्याच्या लगतच्या दोन-चार पायऱ्यांत असतो. कर्णा त्या पायऱ्या गाळून टाकतो आणि मैदानात उभ्या माणसाला बेस ऐकूच येत नाही. राउंडवूंड तारेचे वरचे स्वरांश मात्र कर्ण्यातून निभावून जातात, आणि ते नेमक्या पटीत असले की आपला कान हरवलेला मूळ सूर स्वतःच भरून काढतो. जवारी हेच तर करत होती: खर्जाचे स्वरांश पुढे आणून कानाकडून खर्ज भरून घेत होती. मिरजेच्या घोडीचा कारागीर आणि जत्रेतला बेसवाला एकाच अडचणीवर एकाच दिशेने उपाय शोधतात, हे मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत मोलाचे वाटते. पुढे घोडीखाली बसवायचे पिएझो संवेदकही आले. ते लोखंड मागत नाहीत, नुसता दाब ओळखतात. म्हणून तात, नायलॉन, ब्राँझ, पितळ यांनाही विजेच्या वाद्यावर पुन्हा दार उघडले. उचलणारा बदलताच जुन्या तारा परत आल्या.

जागरण-गोंधळाच्या पार्ट्यांत आता संबळ-तुणतुण्याच्या जोडीला कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड सर्रास दिसतात. यल्लमाच्या जोगत्या-जोगतिणींवरच्या ‘जोगवा’ (२००९) या चित्रपटाच्या संगीतासाठी अजय-अतुल यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि देवीची लोकवाद्ये मोठ्या वाद्यवृंदाशेजारी किती ताठ उभी राहतात हे घराघरात पोचले. तेव्हा केडगावच्या नवरात्रात कोणी गोंधळाबरोबर बेस गिटार घेऊन बसला तर त्यात वावगे काहीच नाही, फक्त तारा विचारपूर्वक लावाव्यात. गाणारा काळी एकचा असेल आणि षड्ज मोकळ्या तारेवर हवा असेल, तर खालची तार ४१ वरून साडेचौतीस कंपनांवर उतरवावी लागते. ओढ तीस टक्क्यांनी घटते आणि १०५ ची तार ढिली पडून पडद्यांवर आपटू लागते. तिथे १२५ ची जाड तार हवी. मग ओढ पूर्वीइतकीच राहते. संबळाचे खालचे भांडे घुमते राहणार आणि तुणतुण्याची तार वर टणटणत राहणार, तेव्हा या दोहोंमधली जागा घ्यायला फ्लॅटवूंडचा आखूड, गडद सूर मला अधिक योग्य वाटतो, कारण तो संबळाचे बोल झाकत नाही. पण तो सूर मैदानात पोचवायला अठरा इंची भोंग्यांचे खोके हवेत. मांडवात कर्णेच लावणार असतील तर राउंडवूंड, आणि तीही शक्यतो नवी.